काळीत बांधलेलं घर

परदेशातल्या मराठी इंजिनियरचे दोन प्रोजेक्ट ठरलेले असतात. एक ऑफिसचा आणि दुसरा गावाकडचं घर. पहिल्यात आपण क्लायंटला दहादा विचारतो, की बाबा रे तुला नक्की काय हवंय? दुसऱ्यात एकदाही विचारत नाही. मीही नाही विचारलं, म्हणून आज हे लिहायला बसलोय.

मी न्यू जर्सीत आणि घर लोह्यात. (नांदेड-लातूर रस्त्यावरचं लोहा. खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव ऐकलं असेल ना, ते आमच्याच तालुक्यातलं.) गावठाणातलं जुनं माळवदाचं घर वाटणीत गेलं. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं येईल तेवढीच. मग राहिला एनए प्लॉट. गावाबाहेर, ऐसपैस, रस्त्याला लागून. फोटो बघूनच घेऊन टाकला.

भूमिपूजनाच्या आधी काकांचा फोन आला. "पांढरी सोडून काळीत घर बांधायलास का?" मी हसलो. वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी शुभ-अशुभ असेल.

शुभ-अशुभ कसलं, सरळ सॉइल मेकॅनिक्स होतं ते! आपल्याकडे गाव वसायचं पांढरीवर आणि पीक घ्यायचं काळीत. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कापसाला झकास, भिंतीला नाही. काळीत घर बांधता येतच नाही असं नाही. पाया खालच्या मुरमापर्यंत न्यायचा, जोत्याला बीम द्यायचा, फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरायचा, पावसाचं पाणी घरापासून लांब काढायचं. आमच्या गुत्तेदारानं कॉलमचे खड्डे मुरमापर्यंत नेले, पण पोर्चची आणि मागच्या खोल्यांची फरशी काळीवरच थातूरमातूर भरावावर टाकली. मला कळणार कसं? व्हॉट्सअॅपवर रोज फोटो यायचे ते एलिव्हेशनचे. काचा, स्टीलचं रेलिंग, बाहेरून लावलेला दगडासारखा दिसणारा टाइल. जमिनीखाली घातलेला पैसा फोटोत दिसत नाही, त्यामुळे तो कोणी घालतही नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघरातली फरशी मधोमध उचलली गेली आणि कपाटाचं दार लागेना.

तो बग एकवेळ दुरुस्त होईल. खरा घोटाळा डिझाइनमध्येच होता.

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा 42-43 ला टेकतो. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडत बसतो. त्यात समोरची मोठी काच पश्चिमेला, कारण रस्ता तिकडे आणि एलिव्हेशन रस्त्याला दिसलं पाहिजे ना! आईच्या खोलीत एसी लावलाय. पण ऐन दुपारी लाइट जाते, आणि असली तरी ती एसी लावत नाही. गेल्या मे मध्ये गेलो तर आईची बाज मागच्या लिंबाखाली. म्हटलं, आत का झोपत नाहीस? म्हणाली, "आत भट्टी आहे रे नुसती. तू आलास की झोपते मी आत."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणजे घर वापरात कधी, तर मालक डेमो बघायला येतो तेव्हा. वर्षातले पंधरा दिवस.

आता कोणी म्हणेल, मग माळवदच बांधायचं होतं. तर मंडळी, तसंही नाही. माळवद थंड असायचं ते जाड भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या थरामुळे, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला माणसं गाडली गेली तीही त्याच दगडमातीखाली. तो धक्का ज्यांनी अनुभवला, ते आजही दगडाची भिंत म्हटलं की नको म्हणतात. त्यांना कुठल्या तोंडानं 'परंपरा' शिकवायची? शहरातल्या मातीच्या घरांच्या प्रेमिकांनी हे जरा लक्षात ठेवावं.

पण त्या भीतीत एक गोष्ट वाहून गेली. भिंती कोसळूनही कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. नंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात इंजिनियर सांगत होते, की छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जोडदगड घाला, खांबांना तिरपे आधार द्या, घर वाचेल. लोकांना ते पटलं नाही. पूर्ण नव्यानं वसवलेल्या 52 गावांत जमिनीच्या हिशेबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रेषेतली, सिमेंटची. मग लोकांनी आपापल्या परीनं पुढे पत्र्याचं छप्पर काढलं, मागे गोठा केला, ओसरी जोडली. म्हणजे युजरनं पॅच मारला! सरकारनं विचारलं नाही हे समजू शकतो. हजारो घरं उभी करायची घाई होती. मला एकच घर बांधायचं होतं, आणि युजरचा नंबर फोनमध्ये पहिलाच होता.

माझं मत विचाराल तर आरसीसीचा सांगाडा ठेवा, त्यावर तडजोड नको. पण जुन्या घराकडून ओसरी घ्या, पश्चिमेला बंद भिंत घ्या, खोल छज्जे घ्या, गच्चीवर पांढरी चिनी मातीची फरशी घाला. वरचा मजला 'आम्ही आल्यावर' म्हणून बांधू नका. गुडघे दुखणाऱ्या बाईला तो फक्त झाडायला उरतो. आणि एलिव्हेशनचे पैसे पायात घाला.

मी हे सगळं आता दुप्पट खर्चात करतोय. :) मागच्या बाजूला, लिंबाच्या दिशेनं, दहा फूट खोल ओसरी काढायची ठरलीय. खाली आधी खोदून मुरूम, मग फरशी. या वेळी नकाशा आईनं काठीनं अंगणात आखून दाखवला, आणि मी व्हिडिओ कॉलवर मापं लिहून घेतली. चूल कुठे, बाज कुठे, शेजारणी येऊन बसणार कुठे. मी मध्येच म्हटलं, इथे एक खिडकी घेऊ या का? तर म्हणे, "ओसरीला खिडकी कामून लागती रे?"

गुत्तेदार बदललाय. त्याला फोन आता आईच करते.