कोथिंबीर पिवळी पडली? आधी मुळी पाहा, मग युरिया



ग्रुपवर पुन्हा तोच प्रश्न : कोथिंबीर पिवळी पडतेय, युरिया किती टाकू? माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडे बहुतेक वेळा ही तक्रार खताची नसते, पाण्याची असते.

आपण पिकाकडे पाहून पाणी देत नाही, लाइटकडे पाहून देतो. रात्रीची पाळी, मोटर ऑटोवर टाकली, झोपलो. पहाटे वाफे तुडुंब. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत हे पाणी लवकर निचरत नाही. मुळीला हवा मिळत नाही, ती अन्न उचलत नाही, पान पिवळं पडतं. मग आपण युरिया फेकतो आणि पुढच्या भरपाण्यात तो मुळीखाली निघून जातो. गोणी २६६ रुपयांची, म्हणून हातही सैल सुटतो. शेजाऱ्याचा वाफा युरियावर हिरवागार दिसतो खरा, पण ती जुडी कोवळी, पाणीदार. मार्केटला पोचेपर्यंत मान टाकते आणि शेकड्याचा भाव तिथेच पडतो.

म्हणून आधी दोन-चार रोपं उपटून पाहा. मुळी पांढरी, माती मोकळी आणि खालची जुनी पानं फिकट असतील तर नत्र कमी आहे. मुळी तपकिरी आणि माती चिखलासारखी चिकट असेल तर पाणी थांबवा, वाफसा येऊ द्या, हलकी खुरपणी करा. तिथे युरिया नकोच.

नत्र खरंच कमी असेल आणि पेरणीला शेणखत, मिश्रखत दिलेलं असेल, तर उगवणीनंतर २०-२५ दिवसांनी एकरी ३५ किलो युरिया पुरे. ४५ किलोची अख्खी गोणी नाही. तोही दोन हप्त्यांत, वाफशावर, मागून हलकं पाणी. फवारणीच करायची तर १०० लिटर पाण्यात २५० ग्रॅम.

पाणी हिवाळ्यात ८-१० दिवसांनी, उन्हाळ्यात ४-५ दिवसांनी. साक्रीकडच्या मुरमाड रानात त्याहून लवकर, पण थोडं थोडं. रात्रीची लाइट आपल्या हातात नाही, मान्य. पण ऑटो ठेवायचाच तर सोबत टायमर बसवा. रेन पाईप असेल तर उत्तमच.

यापुढे पिवळ्या वाफ्याचा फोटो टाकताना उपटलेल्या मुळीचाही टाका. नुसतं पान पाहून मी युरियाचा आकडा सांगणार नाही.

– शेती सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी