कडी लावलेला रुपया

भाताची लावणी जवळ आली की शेतकऱ्याच्या घरात रोकड लागते. घोटीच्या बाजारपेठेत त्या दिवसांत सराफाच्या काट्यावर मोड येऊ लागते. तुटलेले पैंजण, चेपलेली वाळी आणि अधूनमधून म्हातारीच्या माळेतले कडी लावलेले राणीछाप रुपये. सराफ वजन करतो, डाखाची घट धरतो, चांदीचा भाव देतो. पुढे सगळेच मुशीत जाते. शेजारी एखादा संग्राहक उभा असला तरी तो सहसा हे रुपये मागत नाही. कडी लागली म्हणजे नाणे बाद, हे त्याने गृहीत धरलेले असते.

हे गृहीत सोडून द्यावे, असे आम्हाला मनापासून वाटते. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने सदोष नाणी नाइलाज म्हणून घेऊ नयेत. समजून, निवडून घ्यावीत. आपल्या छंदात सध्या कोऱ्या करकरीत नाण्यांचा आणि प्रतवारी करून डबीत बंद केलेल्या नाण्यांचा बोलबाला आहे. त्यांचे भाव ऐकून शाळा-कॉलेजातली मुले दारातूनच परत फिरतात. त्यांच्यासाठी एक दार उघडे आहे, हे जाणत्यांनी सांगायला हवे.

असा एखादा रुपया भिंगाखाली धरून पाहा. १८३५ च्या कायद्याने ठरलेल्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. कडीचा रुपया काट्यावर थोडा जास्त भरतो, कारण कडी आणि डाख त्यात मिळालेले असतात. कडी मुकुटाच्या बरोबर वर असेल, तर गळ्यात राणीचा चेहरा सरळ दिसावा म्हणून सोनाराने ती नेमून बसवली. ती भलत्याच जागी असेल, तर नक्षीकडे कोणी पाहिले नाही, चांदीचे वजन गळ्यात राहिले एवढे पुरे होते. एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत असेल, तर कोणती बाजू अंगाला घासत होती याचा अंदाज बांधता येतो. कडेचे दाते एका ठिकाणी बुजले असतील आणि तिथे कानशीचे ओरखडे असतील, तर कडी कोणीतरी नंतर काढली आहे. कोऱ्या रुपयावर टाकसाळीची हकिगत असते; या रुपयावर त्यानंतरचीही असते.

मुद्दाम बदललेल्या नाण्याचे मोल किती मोठे असू शकते, याचा दाखला आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. इगतपुरी तालुक्यातून वाहत जाणारी दारणा सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीजवळ गोदावरीला मिळते. त्या जोगलटेंभीत १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर बसला. मागच्या बाजूच्या बाण-वज्रावर उज्जयिनी चिन्ह बसले. खालचे नाक, केस, ग्रीक अक्षरांचे तुकडे मात्र कित्येक नाण्यांवर अजून दिसतात. देखणेपणाच्या कसोटीवर ही नाणी नापास होतील. पण सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केल्याचे पांडवलेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख सांगतो, त्याला धातूतली साक्ष याच नाण्यांनी दिली. नहपान आणि गौतमीपुत्र यांचा काळ एकमेकांशी जोडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० पासून उभ्या असलेल्या भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात नव्या संग्राहकाने एकदा तरी जावे. नाणे वाचायचे कसे, याची गोडी तिथे लागते.

खिशाला परवडणारा अभ्यास हवा असेल तर शिवराई घ्या. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे एकाच नाण्यावर पूर्ण उमटलेली क्वचितच मिळतात. पूर्ण शिवराईला भाव येतो, अर्धवट ढिगात पडून राहते. त्या ढिगातून एकाच ठशाच्या वाटणाऱ्या शिवराया वेचा. एकीवर ‘श्री’ची वेलांटी असेल, दुसरीवर ‘जा’चा काना, तिसरीवर कडेच्या ठिपक्यांची ओळ. त्यांची छायाचित्रे एका मापात आणून एकमेकांवर बसवा. मूळ ठसा हळूहळू पुरा होत जाईल. हे काम एका देखण्या नाण्यावर होत नाही, त्याला दहा अपुरी नाणीच लागतात.

सगळेच बदल मात्र सारखे नसतात. वापराच्या खुणा, सराफांनी पारखताना मारलेले छाप, राजाने मारलेला नवा ठसा हे सारे उघड असते. फसवण्यासाठी केलेला बदल लपलेला असतो. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८ मधला शेवटचा ८ कोरून त्याचा ९ करतात. भोक बुजवून वर नक्षी कोरतात. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डे जमवणाऱ्यांनीही हेच भोगले. सिगारेटच्या पाकिटांसाठी छापलेले होनस वॅग्नरचे एक कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकले गेले. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, असे बिल मास्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले. त्याच छंदात दुमडलेली, कापलेली कार्डे तसे सांगून स्वस्तात विकली जातात आणि ती घेणारे समाधानी असतात. कापण्याइतकाच ते दडवण्यातही दोष असतो.

म्हणून काही गोष्टी पाळू या. दहापट भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा यांशिवाय सौदा करू नये. कडी काढू नये, भोक बुजवू नये, चिंच-लिंबाने घासून चकचकीत करू नये. पाकिटावर साल आणि टाकसाळीच्या खाली दोष स्पष्ट लिहावा: कडी आहे, कडी काढलेली आहे, भोक आहे, घासलेले आहे. नाणे कोणत्या गावातून, कशा दागिन्यातून आले तेही लिहावे, कारण माळ मोडली की ही माहिती पुन्हा मिळत नाही. विकताना तीच चिठ्ठी घेणाऱ्याच्या हाती द्यावी. आणि शेतात नांगराला लागलेली नाणी स्वस्तात मिळतात म्हणून गुपचूप घेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जोगलटेंभीचा साठा एकत्र अभ्यासला गेला म्हणूनच तो बोलला.

विक्रेत्यांना आमची विनंती आहे की यादीत सदोष नाण्यांचा वेगळा विभाग ठेवा आणि दोष ठळक छापा. प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांनी अशा नाण्यांसाठी एक मेज राखावे आणि तिथले बक्षीस नोंदींच्या नेमकेपणाला द्यावे. गावोगावच्या वाचकांनी आपल्या सराफाशी एवढेच बोलून ठेवावे की कडीचे रुपये आले तर मुशीत टाकण्याआधी मला एक निरोप द्या, चांदीच्या भावाहून चार पैसे जास्त देईन. सराफाचे त्यात नुकसान नाही, विकणाऱ्या घराला दोन पैसे अधिक मिळतील आणि एक नाणे वाचेल.