चौकातला पडदा आणि गावातली बाई

फुटबॉलचा विश्वचषक आला की कोल्हापुरात पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. हे वेड आजचे नाही. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम, पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्ष्या. खेळावरचे असे प्रेम महाराष्ट्रात क्वचित दिसते. पण या प्रेमाला दुसरी बाजूही आहे. समर्थकांची हुल्लडबाजी, मारामाऱ्या, आणि समोरच्या संघाला हिणवायला आईबहिणीवरून शिव्या. संघ पुरुषांचे, भांडण पुरुषांचे, शिवी मात्र बाईच्या देहावरून!

आमच्या कासा भागात क्रिकेटचे वेड मोठे. पण खेळ कुठलाही असो, प्रोजेक्टर, पांढरे कापड आणि दोन स्पीकर मिळाले की चौकात सामना दाखवता येतो. पोरे खेळ बघतात, त्यात वाईट काय, असे विचारले जाते. खेळ बघण्यात काहीच वाईट नाही. प्रश्न जागेचा आहे. चौक, शाळेचे मैदान, पंचायतीसमोरचे पटांगण ही सगळ्या गावाची जागा. पडदा लागला, बाटल्या निघाल्या, आरडाओरडा सुरू झाला, की तिथून अर्धे गाव गायब होते. वसतिगृहाकडे परतणारी मुलगी वळसा घेते, बाजारातून येणारी बाई पदर सावरून पाय उचलते. जागा कुणी हिरावून घेतली, याची नोंद कुठेच होत नाही.

आणि सामना संपला म्हणजे सगळे संपत नाही. इंग्लंडमधील लँकेशायर भागात 2002, 2006 आणि 2010 या तीन विश्वचषकांच्या काळातल्या पोलिसांकडील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. इंग्लंडचा संघ जिंकला किंवा बरोबरीत सुटला त्या दिवशी घरगुती अत्याचाराच्या नोंदी 26 टक्के जास्त होत्या. हरला त्या दिवशी 38 टक्के. म्हणजे संघ जिंको वा हरो, मार बाईलाच! मँचेस्टर परिसरातील दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की सामना चालू असताना मारहाण कमी होते, नंतर चढत जाते आणि दहा-बारा तासांनी सर्वांत जास्त असते. ही वाढ दारू प्यालेल्या पुरुषांकडून होणाऱ्या मारहाणीतली होती. दोष चेंडूचा नाही. दारूचा आहे, आणि राग घरी नेऊन बायकोवर काढण्याची मुभा देणाऱ्या पुरुषी सत्तेचा आहे.

हे आपल्याला दूरचे वाटायला नको. 2026 च्या विश्वचषकाचे वेळापत्रक 11 जून ते 19 जुलै असे आखले गेले, तेही अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र नाहीतर पहाट, आणि ऐन भातलावणीचे दिवस. रात्रभर जागून, पिऊन आलेल्या नवऱ्याला सांभाळायचे आणि उजाडताच चिखलात उतरायचे, हे कुणाच्या वाट्याला येणार ते सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, बायकांनी रात्री गर्दीत जाऊच नये. हे आम्हाला मान्य नाही. तारप्याच्या नाचात वारली बाया आणि पुरुष कमरेला हात घालून रात्र रात्र फेर धरतात. ताडी तिथेही असते, सगळे आलबेल असते असेही नाही. पण त्या फेरात बाईची जागा ठरलेली आहे, ती कुणाच्या मेहेरबानीची नाही. रात्रीचे आणि गर्दीचे बाईशी मुळात वैर नाही. गर्दी फक्त पुरुषांची केली, की ते निर्माण होते. इराणमध्ये अनेक दशके बायकांना पुरुषांचे सामने पाहायला स्टेडियमचे दार बंद होते. ऑक्टोबर 2019 मध्ये तेहरानच्या आझादी स्टेडियमचे दार थोडे उघडले, ते बायकांनी वर्षानुवर्षे धडका दिल्यावर. आपल्या चौकाला दार नाही, पण बंदी आहेच.

म्हणून मैत्रिणींनो, आपली मागणी पडदा फाडण्याची नसावी, पडद्यासमोर बसण्याची असावी. डहाणू-तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार इथल्या ग्रामसभेला दिला आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. त्या सभेत ठराव करा: सार्वजनिक जागेवर सामना दाखवायचा तर दारू नाही, रात्री दहानंतर स्पीकर नाही, तो नियम आहेच, उजेडाची सोय हवी, आयोजकांत बायका हव्यात, आणि शिवीगाळ झाली तर पडदा बंद.

आणखी एक. 17 वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना 30 ऑक्टोबर 2022 रोजी नवी मुंबईत झाला. आपल्या जवळच. त्यासाठी किती चौकांत पडदा लागला? ठरावात हेही लिहा, की मुलींचे सामनेही दाखवले जातील. पुढच्या रांगेत मुली बसल्या, की मागच्या रांगेतल्यांची भाषा बदलावीच लागेल.