पहिल्या दिवसाचे मोल

गेल्या पौषात माझ्या एका जुन्या शिष्याचे अमेरिकेतील डेन्व्हरहून पत्र आले. मुलाला बर्फावरून घसरण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, शिकवावे म्हणून तो सहकुटुंब डोंगरावर गेला होता. तिघांची पाळण्याची तिकिटे, भाड्याचे बूट व फळ्या आणि शिकवणाऱ्याचे वेतन मिळून एका दिवसात हजार डॉलरांवर खर्च झाला. मुलगा नऊ वेळा पडला, दहाव्यांदा उभा राहून हसला. पत्राच्या शेवटी शिष्य लिहितो, "गुरुजी, त्याला आवडले, हीच पंचाईत झाली!"

बडोद्याच्या गायन-मास्तराने बर्फाच्या खेळावर लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. परंतु नवशिक्याला दाराशी कसे वागवावे, हा प्रश्न आमच्याही धंद्याचा आहे.

कोलोरॅडोतील व्हेल हे प्रख्यात स्थळ १९६२ साली सुरू झाले, तेव्हा दिवसाचे तिकीट ५ डॉलर होते. महागाई जमेस धरली तरी आजचे पन्नासएक डॉलर. २०२४-२५ च्या हंगामात गर्दीच्या दिवशी खिडकीवर ३०० डॉलरांहून अधिक मोजावे लागत होते. आपल्या हिशेबाने पंचवीस हजार रुपये, आणि तेही नुसते डोंगरावर चढण्याचे!

चालकांची बाजूही ऐकली पाहिजे. पाळणे, विमा, नोकरवर्ग आणि कृत्रिम बर्फ यांना पैसा लागतोच. शिवाय २००८ साली ५७९ डॉलरांचा 'एपिक पास' निघाल्यापासून, हिवाळ्याआधीच पैसे भरणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला हा खेळ पूर्वीपेक्षा स्वस्तही पडू लागला. खोच आहे ती इथेच. ज्याला आपली आवड ठाऊक आहे, त्याला सवलत. ज्याला ती अजून अजमावायची आहे, त्याला सर्वांत चढा दर. ख्यालाच्या बैठकीत जाणकाराला फुकट बसवावे आणि पहिल्यांदा आलेल्याकडून दुप्पट बिदागी घ्यावी, तशातला हा प्रकार.

कोणी म्हणेल, धंदा तर तेजीत आहे. खरे आहे, २०२२-२३ च्या हंगामात अमेरिकेत ६ कोटी ५४ लाख फेऱ्यांची विक्रमी नोंद झाली. पण या मोजणीत एक माणूस वीस दिवस गेला, तर वीस धरले जातात. त्यावरून माणसे किती वाढली ते कळत नाही. ज्या गावठी टेकड्यांवर पोरेटोरे हा खेळ शिकत, त्यांतल्या कित्येक बंद पडल्या. १९८० च्या दशकात तिथे सातशेहून अधिक स्थळे होती, आता पाचशेही नाहीत. त्यात निसर्गही रुसू लागला आहे. आपल्या गुलमर्गलाच २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. बर्फ दुर्मीळ झाला की दर चढणार, आणि दर चढला की आधी गळणार तो नवशिकाच.

माझे वडील कोवळ्या वयात दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पगार संपला, तरी त्यांचा एक नियम टिकला: पहिला महिना फी नाही आणि तंबोरा घरचा. "पोराला सूर गवसू दे, मग पैशाचे बोलू," असे ते म्हणत. याच गावात १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा काढली, तीही गाणे चार घरांत कोंडून राहू नये म्हणूनच.

आता कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी मी तीन महिन्यांची फी आगाऊ घेण्याचा नियम केला. घरभाडे वाढले होते, मधेच सोडून जाणाऱ्यांचा त्रास होता. कारणे खोटी नव्हती. एके संध्याकाळी एक रिक्षावाला मुलाला घेऊन आला. मुलाने पेटीचा सा ऐकून अचूक सा लावला. फीचा आकडा ऐकताच बाप "विचार करून येतो" म्हणाला. ती दोघे पुन्हा आली नाहीत. शिष्याचे पत्र वाचताना मला डेन्व्हरचा डोंगर दिसला नाही, ते पोर दिसले.

उपाय कठीण नाहीत. स्वित्झर्लंडमधील सास-फे गावाने २०१६ साली सबंध हंगामाचा परवाना २२२ फ्रँकांना विकायला काढला. काही ठिकाणी पायथ्याचा नवशिक्यांचा पट्टा फुकट किंवा नाममात्र दरात असतो. शिखरावरच्या दरात हवी ती वाढ करा. पायथ्याची पहिली पायरी तेवढी स्वस्त ठेवा. आजचा नवशिका परतला, तर वीस वर्षांनी परवाना घ्यायला कोण येणार?

या महिन्यापासून माझ्याकडे वडिलांचा नियम पुन्हा सुरू केला आहे. तंबोरा कोपऱ्यात जुळवून ठेवला आहे. रिक्षावाल्याचे घर मात्र मला ठाऊक नाही.