कॅबिनेट की शोकेस?

आधीच सांगतो, आजचा लेख जरा तिखट होणार आहे. ज्या मूर्खपणावर लिहितोय त्यात मी स्वतः सामील होतो, आणि त्याची किंमत मी नाही, माझ्या मावसभावाने मोजली.

झालं असं. मावसभाऊ असतो नाशिकला. आर्किटेक्चर केलंय, आता बिल्डर लोकांना थ्रीडी वॉकथ्रू करून देतो. म्हणजे जी इमारत अजून खड्ड्यात आहे ती पूर्ण झाल्यावर कशी दिसेल (आणि प्रत्यक्षात कधीच दिसणार नाही) त्याची फिल्म. २०२३ च्या दिवाळीत त्याने नवीन मशीन असेंबल करायचं ठरवलं. "दादा, तू कॉम्प्युटरवाला, तूच सांग काय काय घेऊ." खानदानातल्या एकमेव आयटीवाल्याला असा प्रश्न म्हणजे आग्रहाची पुरणपोळी. मी ऐटीत त्याला घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवाला तुमच्याकडे बघत राहील). प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम, एसएमपीएस सगळं रीतसर अभ्यास करून घेतलं. शेवटी राहिलं कॅबिनेट.

दुकानात समोरच एक ठेवलेलं. पुढे काच, बाजूला काच, आत सहा पंखे रंग बदलत फिरतायत. "सर, सध्या हेच चालतंय." साडेचौदा हजार. घेतलं! ग्राफिक कार्डासाठी तीन आठवडे तक्ते मांडणाऱ्या या इंजिनियरने कॅबिनेटसाठी तीन मिनिटंही विचार केला नाही.

२०२४ ची अक्षय्य तृतीया होती १० मेला. बिल्डरला त्या मुहूर्तावर बुकिंग उघडायचं होतं, वॉकथ्रू त्याआधी हवा होता. एप्रिलच्या शेवटी नाशिकचा उन्हाळा तापला आणि मशीनने मान टाकायला सुरुवात केली. हिवाळ्यात जी फ्रेम अकरा मिनिटांत व्हायची तिला सतरा मिनिटं लागायला लागली. मग रात्री रेंडर लावून झोपावं आणि सकाळी उठून बघावं तर मशीन बंद. पोराने विंडोज दोनदा टाकली, ड्रायव्हर बदलले. शेवटी मला फोन केला. मी शनिवारी पोचलो, सगळं तपासलं आणि हताश होऊन बाजूची काच काढून समोर टेबल फॅन लावला. ग्राफिक कार्डाचं तापमान दहा मिनिटांत १४ अंशांनी उतरलं.

मावशी चहा घेऊन आली होती. ते काचेचं प्रकरण बघून म्हणाली, "अरे, मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतेय, ही बाहुल्या ठेवायची शोकेस आहे. यात मशीन कशाला कोंडलंय?"

माझ्या डिग्रीवर याहून नेमका शेरा कुणी मारलेला नाही. वॉकथ्रू मुहूर्तानंतर चार दिवसांनी पूर्ण झाला. तोवर बिल्डरने दुसऱ्याकडून काहीतरी करून घेतलं होतं. उरलेले चाळीस हजार बुडाले आणि पुढचं कामही गेलं.

तर मंडळी, मुद्दा असा. महागडं कॅबिनेट घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट कॅबिनेटवर पैसे घालावेत या मताचा मी आहे. माझं भांडण आहे ते 'हाय-एंड' या नावाखाली आज जे विकलं जातंय त्याच्याशी.

आधी साधा हिशोब करू. बारावीचं फिजिक्स पुरतं. रेंडरिंग करणारं किंवा गेम खेळणारं दणकट मशीन पूर्ण लोडवर ५०० वॅट सहज खातं. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे कॅबिनेटच्या आत चोवीस तास एक छोटा रूम हीटर चालू आहे असं समजा. ही उष्णता हवेने वाहून न्यायची, आणि आतली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशांनी गरम व्हावी असं वाटत असेल, तर दर मिनिटाला साधारण अडीच घनमीटर हवा आरपार जायला हवी. पंख्यांच्या भाषेत जवळपास ८८ सीएफएम. हवा निम्मी झाली तर १० अंशांचे २० होतात. इतका सरळ हिशोब आहे.

आता जानेवारीत खोली २२ अंशांवर असते तेव्हा २० अंश वाढले तरी आत ४२. कुणाला कळतही नाही. मे महिन्यात नाशिक, पुणे, नागपूर कुठेही दुपारी बंद खोलीत ३६ असतात. मग आत ५६. ही झाली नुसती हवा, चिपचं तापमान याच्यावर चढतं. ग्राफिक कार्ड ठरलेल्या मर्यादेला पोचलं की स्वतःचा वेग उतरवतं. तुम्ही साठ हजार देऊन घेतलेलं कार्ड चाळीस हजारांच्या कार्डासारखं वागायला लागतं, तेही न सांगता. त्यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा एक जुना ठोकताळा आहे. तापमान १० अंश वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे वेग तर जातोच, मशीनचं वयही जातं.

आणि या सगळ्याला कारण काय? तर पुढची काच. जिथून हवा आत यायला हवी नेमकं ते तोंड आपण बंद केलं, का तर आतले दिवे दिसावेत म्हणून! पंखे सहा होते की आमच्याकडे. पण नाकावर हात ठेवून कितीही जोरात श्वास घेतला तरी काय होणार?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काचेचं डिझाइन मुळात मूर्खपणाचं नव्हतं. लियान लीने २०१८ मध्ये ओ११ डायनॅमिक आणलं, जर्मन ओव्हरक्लॉकर डेअरबाउअरच्या सल्ल्याने. त्यात पुढे काच होती, पण खाली तीन, बाजूला तीन आणि वर तीन अशी नऊ पंख्यांची जागा होती. वॉटर कूलिंगचे मोठाले रेडिएटर बसवणाऱ्या लोकांसाठी केलेली पेटी होती ती. तिचा रुबाब लोकांना आवडला आणि मग नकलांचा पूर आला. नकलेत काच आली, दिवे आले, खालच्या पंख्यांना हवा घ्यायला लागणारी मोकळी जागा मात्र आली नाही. शेजाऱ्याच्या घराचा फक्त दर्शनी भाग बघून घर बांधावं आणि जिना विसरावा, तसं.

महाग म्हणजे चांगलं, याही भ्रमात राहू नका. एनझेडएक्सटीचं एच१ आठवा. २०२० मध्ये आलेलं देखणं, बुटकं, महागडं कॅबिनेट. आतल्या रायझर कार्डचा स्क्रू शॉर्ट सर्किट करू शकतो आणि आग लागू शकते असं निघालं. आधी कंपनीने प्लॅस्टिकचे स्क्रू पाठवले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत रीतसर रिकॉल करावा लागला. एका स्क्रूची गोष्ट!

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो. ही आपली काटकसरवाली मंडळी. "डब्याला काय करायचंय? दोन हजारांचं घे, उरलेले पैसे कार्डात घाल." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण विचार करा, तुमच्या मशीनमधली कुठली वस्तू दहा वर्षांनी वापरात असेल? प्रोसेसर नाही, बोर्ड नाही, ग्राफिक कार्ड तर नाहीच. इंटेलने एटीएक्स हे माप १९९५ मध्ये आणलं. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलीमीटर, स्क्रूची भोकं ठरलेली. २००४ मध्ये त्याच इंटेलने बीटीएक्स आणून एटीएक्सला हटवायचा प्रयत्न केला, २००६ मध्ये नाद सोडला. एटीएक्स अजून आहे. आज घेतलेलं चांगलं कॅबिनेट तीन मशीनं बघेल. बारा हजार भागिले दहा वर्षं, म्हणजे महिन्याला शंभर रुपये. शनिवारी एका कॉफीला याच्या दुप्पट घालवतो आपण.

दोन हजारांच्या डब्यात काय नसतं ते मी हाताने अनुभवलंय. पत्रा इतका पातळ की बाजूचं झाकण लावताना पापडासारखं वाकतं. कडा अशा की बोट कापलं नाही तर मशीन असेंबल झालंय असं म्हणता येत नाही. पंखा बसला की अख्खा डबा गुणगुणतो. तेव्हा पैसे घाला, पण कशात घालतोय ते बघून. जाड पत्रा, पुढे आरपार जाळी, मोठे आणि संथ पंखे, धुता येणारे फिल्टर. पुढे हवा हवी हे नवं ज्ञान नाहीये. अँटेकने २००५ मध्ये पी१८० आणलं, सायलेंट पीसी रिव्ह्यूच्या माइक चिनबरोबर डिझाइन केलेलं. एसएमपीएस खाली वेगळ्या कप्प्यात, आवाज दाबणारी तीन थरांची झाकणं. फ्रॅक्टल डिझाइनने २०२१ मध्ये टॉरंटला पुढे १८० मिलीमीटरचे दोन पंखे दिले, आणि २०२२ च्या नॉर्थला पुढे चक्क लाकडी पट्ट्या लावल्या. दिसायला देखणं आणि हवाही मोकळी. म्हणजे दोन्ही जमतं. जमवायची इच्छा पाहिजे.

फिल्टरबद्दल जरा जास्त बोलतो, कारण परदेशी परीक्षणांत यावर एक ओळ असते आणि आपल्याकडे हाच अर्धा प्रश्न आहे. आपल्या गल्लीत कायम कुणाचं तरी बांधकाम चालू असतं. घरात रोज झाडू फिरतो. खिडक्या उघड्या. फिल्टर पुढून, स्क्रू न काढता निघायला हवा. एसएमपीएसखालचा फिल्टर मागच्या बाजूने निघत असेल तर तो तुम्ही कधीच धुणार नाही, कारण मशीन भिंतीला टेकलेलं असतं. (धुणार म्हणताय? शेवटचा एक्झॉस्ट फॅन कधी पुसलात?) आणि आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवा, म्हणजे फटींमधून हवा बाहेर जाईल, धूळ आत येणार नाही.

"पण मला आतलं बघायला आवडतं!" मान्य. छंद आहे, पैसे तुमचे आहेत. बाजूला काच घ्या, पुढे जाळी ठेवा. माझा विरोध सौंदर्याला नाही. "एसी लावतो ना मी." उत्तम. रात्रभर रेंडर चालणार त्या खोलीत रात्रभर एसी लावा आणि महिनाअखेरीस बिल बघा. त्यापेक्षा भोकं स्वस्त पडतात.

आणि काचेचं एक शेवटचं. त्याच शनिवारी काढलेली ती काच मी मावशीच्या फरशीवर उभी टेकवली. हळूच, अगदी हळूच. धाड्! क्षणात साबुदाणा सांडावा तशी काच. टफन्ड काच सपाट बाजूने भलतं सोसते, पण कडेला जीव नसतो, आणि व्हिट्रिफाइड टाइल काचेपेक्षा कठीण. आपल्या फ्लॅटमध्ये सगळीकडे तीच फरशी. म्हणून काच काढलीत तर गादीवर आडवी ठेवा. मावशी तीन दिवस खोलीत चप्पल घालून वावरत होती. बोलली काहीच नाही, ते जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या पैशाने त्याला जाळीवालं कॅबिनेट घेऊन दिलं. एकही दिवा नाही, दिसायला अगदी सरकारी कपाट. २०२५ चा मे त्याने एकदाही मशीन बंद न पडता काढला. चाळीस हजार मात्र परत आले नाहीत, आणि ते पाप माझ्याच खात्यावर आहे.

असो. सगळं विसरलात तरी एक करा. दुकानात गेलात की दिवे बंद करायला सांगा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला तोंड नेऊन जोरात फुंकर मारा, पलीकडे हात धरा. दुकानदार हसेल, हसू दे. फुंकर हाताला लागली तर किंमत विचारा. नाही लागली तर तिथून निघा.