मैलांचा हिशेब

बेगडेवाडी स्टेशनावर लोणावळा लोकलची वाट पाहणाऱ्या माणसाचा विमान कंपनीच्या बक्षीस योजनेशी काय संबंध, असे कोणी विचारील. पण दिवस बदलले आहेत. आपल्या घरांतली मुले-मुली तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतून प्रशिक्षणासाठी परदेशी जातात, कोणी आखातात नोकरीला आहे. पोरगा सुखरूप पोहोचला की तिकिटाचा हिशेब संपला, असे आपण धरून चालतो. तो तिथे संपत नाही.

योजना साधी आहे. वारंवार विमानाने जाणाऱ्याच्या नावे कंपनी खाते उघडते आणि प्रत्येक प्रवासाचे पॉइंट त्यात जमा करते. पूर्वी ते अंतरावर मिळत, म्हणून त्यांना मैल म्हणण्याची रीत पडली. पॉइंट साठले की त्यांवर तिकीट मिळते. कर मात्र खिशातून भरावे लागतात. वर्षभरात ठरावीक प्रवास झाला की दर्जाही चढतो. मग जादा सामान, वेगळी रांग, बसायला लाउंज. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली योजना सुरू केली आणि ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे एअर इंडियाची योजना ‘फ्लाइंग रिटर्न्स’ नावाने चाले. २०२५ साली तिचे नाव ‘महाराजा क्लब’ झाले. इंडिगोने आपली योजना २०२४ साली आणली.

आता कामाच्या गोष्टी. खाते फुकट उघडते, ते पहिल्या प्रवासाआधीच उघडावे. खात्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. तिकीट काढतानाच खाते क्रमांक घालावा. राहून गेला तर बोर्डिंग पास जपून ठेवावा. मुदतीत मागणी केली तर पॉइंट मागाहून जमा होतात.

दुसरे, दहा कंपन्यांत दहा खाती नकोत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे. सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, टर्किश याही त्याच गटातल्या. त्यांच्या विमानाने गेले तरी पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. मात्र अगदी स्वस्त तिकिटावर कधी थोडेच मिळतात, कधी मुळीच नाही. तेव्हा आधी विचारून घ्यावे.

तिसरे, तिकिटाचे पैसे कारखान्याने भरले तरी पॉइंट प्रवास करणाऱ्याच्या नावे पडतात. कारखान्याचा वेगळा नियम नसेल तर ते घेण्यात संकोच कसला? केंद्र सरकारच्या नोकरांना मात्र सरकारी दौऱ्याचे पॉइंट खासगी प्रवासाला वापरता येत नाहीत. ते सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात.

इथपर्यंत आपला फायदा आहे. यापुढे कंपनीचा सुरू होतो. २०२४ साली एअर इंडियाने अंतर सोडून भरलेल्या पैशांवर पॉइंट देण्याचा नियम केला; अमेरिकेत डेल्टाने तो २०१५ सालीच आणला होता. म्हणजे सारख्याच वाटेवर महाग तिकीटवाल्याला जास्त आणि स्वस्त तिकीटवाल्याला कमी. अशा शर्यतीत दर्जा लवकर चढावा म्हणून गरज नसताना प्रवास करणे, किंवा पॉइंटसाठी क्रेडिट कार्डावर खरेदी करून बाकी थकवणे, हा आतबट्ट्याचा धंदा आहे. थकलेल्या बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते. कोणताही पॉइंट ते भरून काढत नाही.

आणि दर्जा कायमचाही नसतो. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. हजारो कामगारांची नोकरी गेली, तिथे प्लॅटिनम कार्डवाल्याची वेगळी रांग कुठून राहणार?

आमच्या लोकलच्या पासाकडे पाहा. तीन महिन्यांचा पास काढला तर २.७ महिन्यांचे पैसे पडतात. सूट तिकीट खिडकीवर तिथल्या तिथे मिळते. हमालालाही तेवढीच आणि हेडक्लार्कलाही तेवढीच. त्यासाठी कुणाला प्लॅटिनम व्हावे लागत नाही.

म्हणून वाचकहो, घरातले कोणी विमानाने जाणार असेल तर हा मजकूर त्याला वाचून दाखवा. केलेल्या प्रवासाचे पॉइंट हक्काचे आहेत, ते सोडू नका. पण पॉइंटसाठी प्रवास करू नका.