जुनी टर्बो हॅचबॅक घेताना

मालवणच्या किनारपट्टीवर जुनी स्पोर्टी हॅचबॅक घ्यायची तर तपासणी खालच्या पत्र्यापासून सुरू करावी. बिघडलेले इंजिन पैसे मोजून नीट करता येते. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने पोखरलेला पत्रा कितीही डेंटिंग-पेंटिंग केले तरी पुन्हा गंजतो.

गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. चाकांच्या कमानी, ब्रेकचे पाइप आणि सायलेन्सरचे जोड यांवर गंज आधी धरतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. तारकर्ली-देवबागच्या वाळूने किंवा तांबड्या मातीने ती बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून सडत येतो. बाहेर रंगाला फक्त एक फोड दिसतो. अशा जागी लोहचुंबक फिरवावे. ते धरत नसेल तर आत लांबी भरलेली आहे. नुकताच मारलेला काळा अंडरकोट पाहून मात्र निर्धास्त होऊ नये, तो गंजावरही मारता येतो.

गाडी चिपळूण, कोल्हापूर किंवा सांगलीकडची असेल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर ध्यानात ठेवावेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडली, किंवा सीटखालचे स्क्रू आणि स्टेपनीचा खड्डा गंजलेला निघाला, तर भाव कितीही कमी असो, ती गाडी घेऊ नये.

या वर्गात गाड्या मोजक्याच. २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयला १.२ लिटरचे १०५ पीएसचे इंजिन आणि ड्राय क्लचचा सात गिअरचा डीएसजी होता. हा गिअरबॉक्स हीच तिची खर्चिक बाजू. रांगत्या वेगात गाडी थरथरली किंवा गिअर बदलताना धक्का बसला, तर पुढच्या खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय बोलणी करू नयेत. २०२० च्या १.० टीएसआयला साधा टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि रोजच्या वापराला तोच बरा. बलेनो आरएस २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली. तिला मॅन्युअल गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. २०२१ पासूनच्या आय-२० एन लाइन आणि अल्ट्रोझ आयटर्बो तुलनेने नव्या.

इंजिन थंड असतानाच पाहायला जावे आणि आपण पोहोचण्याआधी गाडी सुरू न करण्याची विनंती मालकाला करावी. सुरू होताना निळा धूर निघाला तर इंजिन किंवा टर्बो तेल जाळत आहे. ऑइल बदलल्याच्या नोंदी इथे किलोमीटरच्या आकड्याहून मोलाच्या, कारण टर्बोचे आयुष्य त्या तेलावर अवलंबून असते. स्कॅनर लावून घ्यावा. बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर तेही त्यात कळते. इंजिन रिमॅप केले होते का, हे सरळ विचारावे.

चाचणीला बाजारपेठेतली चक्कर पुरत नाही. सावंतवाडीहून एसी लावून आंबोली घाट चढावा. चढावर ओढ तुटते का, क्लच प्लेट घसरते का, तापमानाचा काटा वर सरकतो का, हे तिथे लपत नाही. उतरताना ब्रेकच्या पेडलला थरथर जाणवली तर डिस्क वाकड्या झालेल्या आहेत.

शेवटी कागदपत्रे. आरसीवर बँकेचा बोजा नसावा, इंजिन व चासी क्रमांक जुळावेत. एमएच ०७ ची गाडी असेल तर ट्रान्सफर ओरोसच्या कार्यालयात होते. गोव्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते; पण ती महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर ना-हरकत दाखला, नवा क्रमांक आणि इथला रस्ता कर लागतो, म्हणून तो खर्च धरूनच भाव ठरवावा. विमा नावावर करण्याचा अर्ज खरेदीपासून १४ दिवसांत द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही.